गावच्या रेल्वे स्थानकाची नोंद : नऊ महिन्यांचे काम, चुका आणि खर्च

जालना आणि परभणी यांच्या दरम्यानच्या एका लहान स्थानकाचा इतिहास आणि तेथील सेवा यांची माहिती गोळा करून चोवीस पानांची पुस्तिका काढणे आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक लावणे, एवढेच काम आम्ही ठरवले होते. त्याला दोन महिने लागतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात नऊ लागले. काम करताना शाळेच्या वहीत लिहिलेल्या नोंदी येथे क्रमाने देत आहे. जेथे चूक झाली तेथे ती नंतर सुधारून लिहिलेली नाही, कारण असेच काम हाती घेणाऱ्याला त्या चुकाच अधिक उपयोगी पडतील. स्थानकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ज्यांच्या पेट्यांतील कागद आम्हाला पाहायला मिळाले, त्यांपैकी दोन घरांत जमिनीचे वाद अजून मिटलेले नाहीत.

९ जून २०२४

शाळा उघडण्यापूर्वी निदान गाड्यांची मोजणी उरकावी म्हणून पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत दोन विद्यार्थ्यांसह फलाटावर बसलो. या सोळा तासांत मालगाड्या धरून अठरा गाड्या गेल्या आणि त्यांपैकी चार थांबल्या. चढणारे आणि उतरणारे मिळून प्रवासी ४१ झाले. फलाट इतका ठेंगणा आहे की डब्याची पायरी प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्याही वर येते. एका आजीने आधी गाठोडे वर टाकले, मग दोन्ही हातांनी दांडी धरली आणि आतल्या माणसाने दंडाला धरून ओढल्यावरच त्या वर गेल्या. गाडी एक मिनिट थांबते, आणि त्या मिनिटातली निम्मी वेळ त्या एका आजींना लागली.

घरी आल्यावर ध्यानात आले की आज रविवार होता. नोकरदार नाहीत, महाविद्यालयाची मुले नाहीत, परभणीच्या दवाखान्यात जाणारे नाहीत. शिवाय आठवड्यातून एकदा किंवा दोनदा धावणाऱ्या गाड्या एका दिवसाच्या मोजणीत सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याच चार गाड्यांचे प्रवासी ९६ भरले. म्हणून पूर्ण आठवडा मोजायचे ठरवले आणि आजचा कागद बाजूला ठेवला. एक दिवस वाया गेला, पण तो पहिलाच असल्याने फारसे वाईट वाटले नाही.

२३ जून २०२४

स्थानकाच्या मागे रेल्वेची हद्द दाखवण्यासाठी जुन्या रुळांचे तुकडे खांबांसारखे रोवले आहेत. हे रूळ मीटरगेजच्या, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असे त्या काळातले आहेत, आजच्या रुळांपेक्षा बारीक आणि हलके. त्यांच्या कडेवर कारखान्याचे नाव आणि साल उठावाने उमटवलेले असते, हे एका निवृत्त गँगमनने सांगितले. मी तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडू लागलो आणि पहिल्याच खांबावरचे अक्षर निम्मे पुसले. तो प्रकार तेथेच थांबवला. पुढच्या खांबांसाठी पातळ कागद लावून त्यावर सुताराची चपटी पेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा चार आकडे स्पष्ट उमटले : १८९८. संध्याकाळी बॅटरीचा झोत खांबाला अगदी समांतर धरला तर कागदाशिवायही ते आकडे वाचता येतात. खर्च काही नाही.

मुले आनंदाने ओरडली की स्थानकाचे साल सापडले. तसे ते नव्हे. ते साल रूळ तयार झाल्याचे आहे. तो बोटीने आला, कोठेतरी अंथरला गेला, झिजल्यावर उखडला गेला आणि मग कधीतरी आमच्याकडे कुंपणाला लागला. त्यावरून फक्त एवढेच म्हणता येते की खांब १८९८ पूर्वीचा नाही. मला हे मुलांना समजावून सांगावे लागले, आणि खरे तर ते स्वतःलाही पटवावे लागले, कारण मसुद्याचे पहिले वाक्य माझ्या डोक्यात तयार झाले होते.

२ जुलै २०२४

स्थानक कधी उघडले, १९५१ पासून आजपर्यंत कोणत्या गाड्या थांबत होत्या आणि कोणते थांबे केव्हा बंद झाले, अशी माहिती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज रेल्वेच्या संबंधित कार्यालयास पाठवला. तहसीलला अर्ज करताना लावतो तसे दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. टपाल धरून ५२ रुपये.

७ जुलै २०२४

ही नोंद चुकीची आहे. दुरुस्ती १८ ऑगस्टच्या नोंदीत पाहावी.

एका शेतकरी कुटुंबाच्या पत्र्याच्या पेटीत निजाम काळातील तीन उर्दू कागद मिळाले. गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी ते चाचरत वाचले. शेताची एक पट्टी रेल्वेकडे गेल्याचा उल्लेख आहे आणि साल १३०८ आहे. जंत्रीतून हिजरी १३०८ काढले तर इसवी सन १८९०-९१ येते. त्यामुळे ‘स्थानकासाठी १८९० च्या सुमारास जमीन घेण्यात आली’ असे वाक्य मसुद्यात लिहिले.

३० जुलै २०२४

अर्ज परत आला. कोर्ट फी तिकीट राज्य शासनाच्या कार्यालयांत चालते. रेल्वे केंद्र शासनाची असल्याने तेथे पोस्टल ऑर्डर, धनाकर्ष, बँकेचा धनादेश, रोख रक्कम किंवा ऑनलाइन भरणा लागतो. चार आठवडे एका तिकिटापायी गेले. ५ ऑगस्टला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून तोच अर्ज पुन्हा पाठवणार आहे. अर्ज मराठीत लिहिला म्हणून कोणी हरकत घेतली नाही, हे नोंदवून ठेवतो, कारण गावात अनेकांचा समज उलट आहे.

१८ ऑगस्ट २०२४

तिन्ही उर्दू कागद घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेलो. जुने महसुली उर्दू वाचणाऱ्या एका जाणकाराने पानाला ४०० रुपये घेतले, म्हणजे एकूण १,२००. मला आधी ही रक्कम जास्त वाटली होती. त्यांनी पहिले पान हातात घेतले, महिन्याच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, “सर, हिजरीत बहमन महिना कुठून आला?”

निजामाच्या राज्यात महसुलाचा कारभार फसली सनाने चाले. त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे फारसी नावांचे असत आणि वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूरपासून, सुरू होई. हिजरीचे महिने मोहरम, सफर, रजब, रमजान असे असतात. म्हणजे साल कोणते, हे आकड्यावरून नव्हे तर त्याच्या शेजारी लिहिलेल्या महिन्यावरून ठरवायचे असते. फसली सनात ५९० मिळवले की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांपुरते इसवी साल मिळते, आणि जानेवारी लागल्यानंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. बहमन हा तिसरा महिना, म्हणून बहमन १३०८ म्हणजे डिसेंबर १८९८.

आता सगळे जुळते. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हा सिकंदराबाद ते मनमाड असा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. डिसेंबर १८९८ मध्ये आमच्या शिवारातील पट्टी घेतली जाणे या क्रमात बसते. १८९० मध्ये ती घेतली असती तर गावाने रिकामी पट्टी जवळजवळ दहा वर्षे पाहत बसायला हवे होते. माझ्या वाक्यात आठ वर्षांची चूक होती, आणि रुळांवरचे १८९८ पाहिलेले असूनही मला तिचा संशय आला नाही, याची खंत वाटते.

जाणकारांनी आणखी एक गोष्ट सुचवली. मोबदल्याची रक्कम हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनात आहे, कलदार म्हणजे इंग्रजी रुपयांत नाही. तिच्यापुढे आजचे रुपयाचे चिन्ह लावू नये. ‘हाली रुपये’ असेच लिहावे.

१५ सप्टेंबर २०२४

दुसऱ्या अर्जाचे उत्तर आले : मागितलेली माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही, जुन्या अभिलेखांचा जतन कालावधी संपलेला आहे. राग आला, तरी अर्ज पुन्हा वाचल्यावर दोष निम्मा माझा होता असे दिसले. मी कागद मागितलाच नव्हता, मी इतिहास मागितला होता. आणि इतिहास लिहून देणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही. दुसरे असे की रेल्वेचा नांदेड विभाग १ एप्रिल २००३ रोजी अस्तित्वात आला आणि त्याआधी हा मार्ग हैदराबाद विभागात होता. नांदेडकडे १९५१ पासूनचे मागणे म्हणजे नव्या घरात पणजोबांची पेटी शोधण्यासारखे होते.

तिसरा अर्ज अगदी अरुंद केला. स्थानकाच्या आराखड्याची प्रत, मागील पाच वर्षांचे तिकीट उत्पन्न व प्रवासी संख्या, आणि याच काळात थांब्यांबाबत निघालेल्या आदेशांच्या प्रती, अशा तीनच गोष्टी. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज तेथे वर्ग करावा, ही ओळ शेवटी घातली.

६ ऑक्टोबर २०२४

आज निवृत्त पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे कर्मचारी, ज्यांना सारे गाव मामा म्हणते, त्यांच्या ओसरीवर चार तास बसलो. ते १९७६ साली नोकरीला लागले. साल विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला नाही. “संप झाला ना जॉर्जचा, त्याच्या दोन वर्षांनी,” असे म्हणाले. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील रेल्वे संप मे १९७४ मधला, त्यामुळे हिशेब नेमका बसला. पुढे सर्वच मुलाखतींत हीच पद्धत ठेवली. कोणालाही साल विचारायचे नाही. रझाकारीच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात मिलो (परदेशी लाल ज्वारी) खाल्ला तेव्हा कोणती गाडी होती, मोठी लाइन (ब्रॉडगेज) आली तेव्हा धाकटी मुलगी केवढी होती, असे विचारायचे. साल आपण घरी येऊन काढायचे आणि एका घटनेवर न थांबता दोन घटनांशी ताडून पाहायचे.

या मुलाखतीत एक मोठी चूक झाली. ध्वनिमुद्रण मोबाईलवर चालू होते, मध्येच फोन आला आणि मुद्रण तेथेच थांबले. मला ते वीस मिनिटांनी कळले. ओसरीतला पंखाही चालू होता, त्यामुळे जे मुद्रित झाले त्यातला काही भाग घरघरीत हरवला. मामांनी पुन्हा सांगितले खरे, पण पहिल्यांदा सांगताना जे हातवारे आणि तपशील आले ते दुसऱ्यांदा आले नाहीत. तेव्हापासून फोन विमान मोडवर ठेवतो आणि उकाडा सहन करतो.

पहिल्यांदा सांगितलेले जेवढे आठवते तेवढे लिहून ठेवतो. मीटरगेजची एकच लाइन होती. दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी म्हणून दोन्हीकडे विजेच्या तारेने जोडलेली गोळ्यांची यंत्रे होती. शेजारच्या स्टेशनमास्तरांनी संमती दिल्याशिवाय आपल्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत त्या टप्प्यासाठी दुसरा निघत नसे. लोखंडी गोळ्यावर त्या दोन स्थानकांची नावे कोरलेली असत आणि तो हातात पडल्याशिवाय चालकाने पुढे जायचे नाही, असा नियम होता. थांबणाऱ्या गाडीला गोळा हातात देता येई. न थांबणाऱ्या गाडीसाठी तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या रिंगणाला बांधत. मामांनी अंगणातून सायकलची जुनी रिम उचलली, डावा पाय पुढे टाकून, शरीर मागे झुकवून ती उंच धरली आणि म्हणाले, “रिंग पुढं, डोकं मागं. डोकं पुढं गेलं की संपलं.” चालकाचा सहकारी दंड कोपरातून वाकवून बाहेर काढी, रिंगण दंडात अडके आणि त्याच क्षणी तो मागच्या टप्प्याचे रिंगण खाली टाकी. ते उचलायला मामा गाडीच्या धुळीत धावत. रात्री हातात मशाल असे, म्हणजे चालकाला रिंगण कोठे आहे ते दिसावे.

एकदा पावसाळ्यात रिंगण चालकाच्या सहकाऱ्याच्या दंडावरून निसटून कडेच्या ज्वारीत पडले. गाडी पुढे जाऊन थांबली. मामा, मास्तर आणि गाडीतून उतरलेले पाच-सहा प्रवासी कंदील घेऊन चिखलात गोळा शोधत होते. तो सापडेपर्यंत पाऊण तास गाडी उभी होती, आणि त्या पाऊण तासात गावातून चहा आला. मामांना शिक्षा झाली की नाही, हे मी विचारले नाही.

स्थानकाच्या घंटेविषयीही त्यांनी सांगितले. पितळी घंटा नव्हतीच. रुळाचा एक तुकडा कडीला टांगलेला होता आणि लोखंडी खिळ्याने त्यावर ठोके देत. शेतातली माणसे त्या ठोक्यांवर भाकरी सोडत.

२७ ऑक्टोबर २०२४

नववीतील एका विद्यार्थ्याने पणजोबांच्या पोथीत सापडलेले ‘एन. एस. आर.’ असे छापलेले जुने तिकीट आणले. मी ते रेल्वेचे तिकीट म्हणून पुस्तिकेत घातलेही. मामांनी ते चिमटीत धरले, उलटसुलट केले आणि परत दिले. रेल्वेचे तिकीट पुठ्ठ्याचे असे, दोन बोटांत मावणारे, सुमारे ५७ गुणिले ३१ मिलिमीटरचे, आणि त्याच्या टोकाला तारखेच्या यंत्राचा दाबाचा ठसा असे. हे तर पातळ कागदाचे होते. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली सत्तावीस गाड्यांनिशी स्वतःची बससेवा सुरू केली होती. हे बहुधा त्या बसचे तिकीट असावे. पुस्तिकेतून ते काढले. विद्यार्थी हिरमुसला, म्हणून ते वर्गातल्या फलकावर लावले आहे.

अक्षरांवरून काळ ठरवण्याचे एक साधे गणित मात्र यातून हाती आले. दिवा, कुलूप, घड्याळ, बाकाचा पाय, कशावरही आद्याक्षरे असतात. ‘एन. जी. एस. आर.’ असेल तर वस्तू १९३० पूर्वीची, कारण त्या वर्षी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे ताब्यात घेतली आणि नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द, म्हणजे तो ‘जी’, गेला. ‘एन. एस. आर.’ असेल तर १९३० नंतरची. १९५१ मध्ये हा मार्ग मध्य रेल्वेत गेला आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे झाली, तेव्हा पुन्हा अक्षरे बदलली. गावात चार घरांत रेल्वेचे जुने कंदील आहेत. त्यांपैकी एकाच्या पितळी झाकणावर ‘जी’ आहे. घरमालकीण तो दिवा दिवाळीला अजून लावतात. त्यांना साल सांगितल्यावर त्यांनी तो आमच्या हातून काळजीपूर्वक परत घेतला.

१ डिसेंबर २०२४

विधानसभा निवडणुकीच्या कामात तीन आठवडे गेले. दरम्यान तिसऱ्या अर्जाला यश आले. पानाला दोन रुपयांप्रमाणे चौतीस पानांचे ६८ रुपये मागितले, ते पाठवले आणि प्रती मिळाल्या. तिन्ही अर्जांचा टपालासह खर्च २४० रुपये झाला. आराखड्यावर मालधक्क्याची लूप लाइन, म्हणजे मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारी बाजूची लाइन, अजून दाखवलेली आहे. प्रत्यक्षात तेथे बाभळी आहेत.

या कागदांमुळे सेवांचे प्रकरण लिहिता आले, आणि तेच पुस्तिकेतील सर्वांत वाचले जाणारे प्रकरण ठरेल असे मला वाटते. स्थानकाची इमारत तीच आहे. बदलले ते तिच्यातून मिळणारे. वृद्धांच्या सांगण्यातून असे दिसते की एके काळी येथून कापसाच्या गाठी जात, मोसंबीच्या करंड्या पार्सलने मनमाडकडे चढत, मास्तरांच्या खोलीतून तार करता येत असे, आणि बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलोची पोती याच धक्क्यावर उतरली. मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण आमचा रूळ १,००० मिलिमीटरचा आणि पुढचा १,६७६ मिलिमीटरचा. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी रुंदीकरणासाठी केलेल्या आंदोलनाची आठवण गावात आजही निघते. १९९२ साली मनमाड ते औरंगाबाद मोठी लाइन झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती आमच्याकडून परभणीकडे गेली.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागली आणि ती काहींना आवडली नाही. मोठ्या लाइनने मुंबई, हैदराबाद जवळ आले, पण लहान स्थानकांच्या वाट्याला तो वेग बाजूने निघून जाण्यासाठी आला. गाड्या वाढल्या आणि थांबे त्या प्रमाणात वाढले नाहीत. मीटरगेजच्या काळात थांबणाऱ्या गाड्या किती होत्या, याचे तीन वृद्धांनी तीन आकडे दिले आणि एकही आकडा कागदावर सापडला नाही, म्हणून पुस्तिकेत तो आकडा दिलेला नाही. किराणा दुकानात बसलेल्या एकाने मला विचारले, “गाडी थांबायली नाही, अन् तुम्ही इतिहास कशाला लिहायलात सर?” मी उत्तर दिले नाही, पण सेवांचे प्रकरण पहिल्या क्रमांकावर घेतले आणि १८९८ दुसऱ्यावर ढकलले.

आजच्या सेवांविषयी लिहिताना भाड्याचा घोळ नीट मांडावा लागला. २२ मार्च २०२० नंतर बंद पडलेल्या सवारी गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्या विशेष गाड्या म्हणून धावल्या आणि किमान भाडे १० रुपयांऐवजी ३० झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आले, तरी गावातील निम्म्या लोकांना हे ठाऊक नव्हते आणि ते वडापच्या जीपने जात होते. मोबाईलवरचे तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभे राहून निघत नाही, हेही अनेकांना गाडी दिसू लागल्यावर कळते. फलकासाठी एक ओळ तयार केली : ‘मोबाईलवर तिकीट काढायचे असल्यास घरून निघतानाच काढावे.’

२२ डिसेंबर २०२४

फ्लेक्स छापून आला. सहा फूट गुणिले चार फूट, चौरस फुटाला १८ रुपये, एकूण ४३२. डाव्या बाजूस संक्षिप्त इतिहास, उजव्या बाजूस गाड्यांच्या वेळा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. रेल्वेच्या हद्दीत लावायचा नाही हे आधीच ठरवले होते, कारण त्या परवानगीच्या मागे लागलो असतो तर ही नोंद अजून संपली नसती.

४ जानेवारी २०२५

१ जानेवारीपासून नवे वेळापत्रक लागू झाले. आमच्या चारपैकी दोन गाड्यांच्या वेळा सरकल्या, त्यातली एक दहा मिनिटे अलीकडे. फ्लेक्सवर विश्वास ठेवून गेलेल्या एका कुटुंबाची परभणीची गाडी चुकली. ते घरी येऊन मला काही बोलले नाहीत. फलकापाशी उभे राहून मोठ्याने वेळ वाचत होते, तेवढे पुरेसे होते. त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. डिसेंबरच्या अखेरीस वेळापत्रक छापण्याची घाई मी केली नसती, तर बारा दिवसांसाठी ४३२ रुपये गेले नसते.

९ फेब्रुवारी २०२५

नवा फलक पत्र्याचा केला. चौकटीसह पत्रा आणि रंग ३,८०० रुपये, पेंटरची मजुरी २,५०० रुपये. इतिहास ऑइलपेंटने लिहिला, कारण तो बदलणार नाही, किंवा बदलला तर आमच्या चुकीने बदलेल. गाड्यांच्या वेळांचा रकाना मात्र काळ्या रंगाचा ठेवला आणि त्यात खडूने लिहायचे ठरवले. पावसाचे पाणी येऊ नये म्हणून वर वीतभर पत्रा पुढे काढला आहे. आठवीतील दोन मुली दर सोमवारी मोबाईलवर वेळा तपासून खडूने पुन्हा लिहितात.

पेंटरने १९५१ च्या जागी १९१५ लिहिले होते. ते मला दिसले नाही, सरपंचांना दिसले नाही. सहावीतल्या एका मुलीला रंग वाळण्याच्या आत दिसले. पेंटरने रॉकेलच्या बोळ्याने पुसून दुरुस्त केले.

१६ मार्च २०२५

पुस्तिकेच्या साठ प्रती झेरॉक्सच्या दुकानातून काढून घेतल्या; प्रतीला ४५ रुपयांप्रमाणे २,७०० रुपये झाले. माहिती अधिकार २४०, उर्दू वाचन १,२००, प्रवास १,१५०, वाया गेलेला फ्लेक्स ४३२, पत्रा व रंग ३,८००, पेंटर २,५०० आणि पुस्तिका २,७०० असा एकूण खर्च १२,०२२ रुपये. गावातून वर्गणी ९,५०० जमली. उरलेले २,५२२ मी घातले. छपाईऐवजी झेरॉक्स केल्यामुळे छायाचित्रे काळी आली आहेत आणि रिम धरून उभे असलेले मामा नुसते आकृतीसारखे दिसतात. त्या एका पानापुरती तरी चांगली छपाई घ्यायला हवी होती.

२३ मार्च २०२५

शेजारच्या गावातील एक गृहस्थ पुस्तिका वाचून १९८६ सालचे पुठ्ठ्याचे तिकीट घेऊन आले. आमच्या स्थानकापासून मनमाडपर्यंतचे, आणि त्यावर जलद गाडीचे भाडे आहे. त्या काळी येथे फक्त सवारी गाड्या थांबत, असे आम्ही मामांच्या सांगण्यावरून छापले आहे. हे तिकीट खरे असले, तरी त्यावरून जलद गाडी येथे थांबत होती असे सिद्ध होत नाही. जालन्यापर्यंत सवारीने जाऊन पुढे जलद गाडी धरणाऱ्यालाही असे तिकीट मिळू शकत असे. मामांना विचारले, ते म्हणाले आठवत नाही, आणि नाही असेही म्हणवत नाही. म्हणून उरलेल्या एकेचाळीस प्रतींत त्या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातले. तिकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि तिकीट त्यांना परत दिले.